लुकलुकत्या दिव्यावर गाडी ताणू नका

गेल्या सोमवारी ताईचा मुलगा त्याची गाडी टोइंगवर घालून माझ्याकडे घेऊन आला. दोन दारांची, सहा सिलिंडरची, टर्बो इंजिनाची परदेशी स्पोर्ट्स कार. पुण्याहून सेकंडहँड घेतलेली, पण जिवापाड जपलेली. खालून कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. "मामा, मेसेजमध्ये सांगितलंय तसंच सगळं केलं," म्हणाला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

तो मेसेज माझ्या ओळखीचा होता. साताऱ्यातल्या गाडीवाल्यांच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर तो येऊन गेलाय. पंधरा वर्षं मी गाड्यांचं वायरिंग आणि स्कॅनिंग करतोय, असले मेसेज वाचून सोडून देतो. हा सोडून दिला ही चूक झाली. आता तो आमच्याच घरात शिरलाय, म्हणून लिहितोय.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा. एक, डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा ही कंपन्यांनी सर्व्हिसचा धंदा चालवायला केलेली सोय आहे. दोन, बॅटरीची निगेटिव्ह वायर पंधरा मिनिटं काढून ठेवा, दिवा गेला की बिघाड गेला. तीन, तरी परत आला तर ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदला, नाहीतर सायलेन्सरमधला कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढून सरळ पाइप टाका, स्पोर्ट्स कारला उलट पिकअप वाढतो. चार, दिवा लुकलुकत असेल तर कार्बन साचलाय, गाडी घाटात खालच्या गिअरमध्ये जोरात ताणा, कार्बन जळून जाईल. पाच, हे सगळं इथेनॉलच्या पेट्रोलमुळे होतंय.

चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्यानंच पोराचं नुकसान झालं.

दिवा नुसता लागणं आणि लुकलुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे माझं मत नाही. हा दिवा कधी आणि कसा लागावा हे सांगणारा कॅलिफोर्नियाच्या हवा प्रदूषण मंडळाचा (एअर रिसोर्सेस बोर्ड) नियम आहे, शीर्षक १३, कलम १९६८.२. त्यात स्पष्ट आहे की मिसफायर (सिलिंडरमधलं पेट्रोल न पेटणं) इतका वाढला की कॅट खराब होईल, तर दिव्यानं सेकंदाला एकदा या वेगानं लुकलुकलं पाहिजे. त्यासाठी गाडीचा संगणक इंजिनाचे दर २०० फेरे तपासतो. ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना, २०० फेरे म्हणजे चार सेकंद. सहा सिलिंडरच्या इंजिनात तेवढ्यात ६०० वेळा ठिणगी पडते. त्यातल्या किती फुकट गेल्या, हे तो क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) फिरण्यातल्या बारीक हिसक्यांवरून मोजतो. म्हणजे लुकलुकण्याचा अर्थ एकच : आत्ता, या क्षणी, सायलेन्सरमध्ये काहीतरी जळतंय.

काय जळतं? ठिणगी पडली नाही की सिलिंडरमधली हवा आणि पेट्रोल तसंच एक्झॉस्टमध्ये जातं. पुढे कॅट तापलेलाच असतो. आत सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप. तिथं पोचलं की ते पेट्रोल पेट घेतं. कॅटचं रोजचं काम ४०० ते ८०० अंश सेल्सिअसमध्ये चालतं. मिसफायर चालू असताना पाय दाबून ठेवला तर तापमान हजाराच्या वर जातं, लेप मरतो आणि शेवटी जाळीच वितळते. वितळलेला गोळा एक्झॉस्ट तुंबवतो, मग गाडी ओढत नाही. गाडी ओढत नाही म्हणून माणूस आणखी दाबतो. माझ्या भाच्यानं यवतेश्वरच्या घाटात नेमकं हेच केलं. त्यानं दुसऱ्या गिअरमध्ये पाच हजारांवर गाडी ठेवली. "कार्बन जळतोय असं वाटलं," म्हणाला. जळत होता तो कॅट.

आणि हे फक्त खिशापुरतं नाही. उन्हाळ्यात कासच्या वाटेला दोन्ही बाजूंनी गवत वाळून कोळ झालेलं असतं. अशा लाल झालेल्या कॅटची गाडी त्या गवतावर कडेला घेतली तर वणवा लागायला काडी ओढायची गरज नाही. ज्यानं हा सल्ला लिहिला त्यानं एकदा तरी मे महिन्यात तो डोंगर बघितलाय का?

लुकलुकला की पाय काढा, वेग कमी करा. थांबला नाही तर मोकळ्या, खडीच्या किंवा डांबरी जागेत गाडी बंद करा. कार्बन साचतो हे खरं आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या, इंजिनात तर हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर साचतोच. पण तिथं पेट्रोल पोचतच नाही, त्यामुळे ताणून तो जात नाही, खोलून साफ करावा लागतो.

आता बॅटरीचा मुद्दा. भाच्यानं दोन महिने दर रविवारी हे केलं. घाट चढताना दिवा यायचा, घरी आल्यावर तो वायर काढायचा. आठवडाभर गावात दिवा नाही, रविवारी परत. दिवा विझतो, यात खोटं काही नाही. पण त्याबरोबर काय पुसलं जातं ते ऐका. दिवा लागतो त्या क्षणाची नोंद संगणक जपून ठेवतो : आरपीएम किती, वेग किती, पाण्याचं तापमान, इंजिनावरचा लोड, पेट्रोल किती वाढवलं होतं. त्याला फ्रीज फ्रेम म्हणतात. कधीतरी येणारा बिघाड शोधताना माझ्यासारख्याचा सगळा भरवसा त्या एका नोंदीवर असतो. ती या पोरानं आठ वेळा स्वतःच्या हातानं पुसली. माझ्याकडे गाडी आली तेव्हाही मेमरी कोरी, कारण टोइंगवाल्याची वाट बघतानाही त्यानं वायर काढली होती.

मग कोऱ्या पाटीवरून सुरुवात. जागेवर इंजिन स्लोवर गुळगुळीत चाललं. स्कॅनर लावून एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू पेडल दाबत गेलो. एका टप्प्याला दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायरचा आकडा हलला, लगेच पाय काढला. कोड मिळाला पी ०३०२, शेवटचा आकडा सिलिंडरचा. दोन नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज पुरवणारी) काढून पाच नंबरला लावली, पाचची दोनला. परत तीच चक्कर. आता कोड आला पी ०३०५. बिघाड कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल दोषी. सरकला नसता तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन, या क्रमानं गेलो असतो. पैसे न घालवता होणारी ही तपासणी आहे, आणि त्या मेसेजमध्ये हिचा एक शब्द नाही.

घाटातच का यायचं? टर्बोच्या इंजिनात लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबात ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. रबर खराब झालेली कॉइल सपाट रस्त्याला निभावून नेते, चढाला मात्र वीज बाजूनंच पळून जाते.

तरी मी तिथं थांबलो नाही. कॉइल बघितली तर नवीनच होती, आधीच्या मालकानं बदललेली. दोन नंबरच्या प्लगच्या विहिरीत ऑइल साचलं होतं. इंजिनावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत होतं, ऑइलनं कॉइलचं रबर फुगवलं होतं. पॅकिंग न बदलता कितीही कॉइली घातल्या असत्या तरी काही महिन्यांनी हाच दिवा. पुन्हा पुन्हा येणाऱ्या दिव्याचं कारण बहुतेक वेळा असंच एक पायरी खाली बसलेलं असतं.

तिसऱ्या मुद्द्याला फार वेळ देत नाही. ऑक्सिजन सेन्सर बिचारा दिसतं ते सांगतो. मिसफायरमध्ये न जळलेला ऑक्सिजन पुढे येतो, सेन्सर म्हणतो मिश्रण पातळ आहे, आणि लोक सेन्सरच बदलतात. पी ०१७१ (मिश्रण पातळ असल्याचा कोड) आला तर आधी स्लोवर आणि मग अडीच हजारांवर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती वाढवतोय तो आकडा, बघा. स्लोवर जास्त आणि रेस केल्यावर कमी होत असेल तर कुठंतरी हवा गळतेय. लोडवर वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, पंप किंवा फिल्टर बघा. कॅट काढायचा सल्ला तर सरळ बेकायदा आहे. शिवाय कॅटच्या मागचा सेन्सर रिकामा पाइप ओळखतो, की पी ०४२०, म्हणजे कॅट काम करत नसल्याचा कोड, कायमचा ठाण मांडतो. मग तो दिवा फसवायला आणखी एक उद्योग.

कंपन्यांच्या धंद्याचं म्हणाल तर दिवा कंपन्यांनी हौसेनं बसवलेला नाही. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेतून ते कायदे आले. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला बिघाड स्वतः ओळखून दिवा लावणारी ही प्रणाली, ओबीडी-२, सक्तीची झाली, आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून. बिघाडाचा कोड कुणालाही वाचता यावा, म्हणून सोळा पिनचं सॉकेटही त्याच नियमानं आलं. हजाराच्या आतबाहेर मिळणारा स्कॅनर तुम्ही स्वतः लावू शकता. एवढं मात्र मान्य करतो, की कोड वाचायचा आणि त्यात ज्या पार्टचं नाव दिसेल तो बिलात लावायचा, असं करणारी वर्कशॉप आहेत. भरपूर आहेत. लोकांचा राग तिथून येतो आणि तो खरा आहे.

इथेनॉलचं अर्धं खरं आहे. आपल्या भागात साखर कारखान्यांच्या चिमण्या बघत मोठे झालेल्यांना इथेनॉल काय ते सांगायला नको. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण वजनानं १४.७ ला १ लागतं, वीस टक्के इथेनॉल असलं की साधारण १३.५ ला १. म्हणजे संगणकाला पेट्रोल थोडं वाढवावं लागतं. धडधाकट गाडी हे सहज सांभाळते. ज्या गाडीत पंप आधीच थकलाय किंवा हवा गळतेय, तिथं हा थोडासा फरकही दिवा लावून जातो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांची काळजी वेगळी, ती मलाही आहे. पण दोन नंबरच्या विहिरीतलं ऑइल इथेनॉलनं आणलं नाही.

पॅकिंग, कॉइल, सहाही प्लग झाले. कॅट मागवलाय, त्याची किंमत ऐकून ताई दोन दिवस पोराशी बोलली नाही. कॅट बसला की दुरुस्तीनंतर एकदाच कोड पुसणार आणि मग बॅटरीला हात नाही. संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण व्हायला वेगवेगळ्या वेगांनी थोडं चालवावं लागतं, तेवढं झालं की भाचा स्कॅनर लावून यवतेश्वर चढणार. शेजारच्या सीटवर मी असेन, दोन नंबरच्या आकड्याकडे बघत.