ऑटो चालू करेल, पण बंद कोण करणार?

भाऊ, तुमचं म्हणणं असं, की रावेर-यावलकडे केळीला लाईट येते रात्रपाळीची, साप-बिबट्याच्या धाकात मळ्यात जायचं कोणी, आणि मी मात्र मोबाइल स्टार्टरला (फोनवरून, किंवा ऑटोवर ठेवला तर लाईट आली की आपोआप, मोटर चालू करणाऱ्या पेटीला) नावं ठेवतो. नावं स्टार्टरला नव्हती. मोटर चालू करायचं काम खुशाल त्याला द्या. बंद करायचं एकट्या त्याच्यावर सोडू नका.

चालत्या मोटरच्या तीन फेजपैकी (विजेच्या तीन तारांपैकी) एक गेला, तरी मोटर स्वतःच त्या तारेवर व्होल्टेज उभं करते. कॅपॅसिटर जोडलेला असेल तर जास्तच. नुसतं व्होल्टेज बघणाऱ्या स्टार्टरला तिन्ही फेज ठीक दिसतात आणि तोवर मोटरच्या आतलं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) जळतं. म्हणून फेजची तपासणी करंटवर हवी. शिवाय मोटरच्या लाइनवर वेगळा थर्मल ओव्हरलोड रिले (करंट जास्त वाढला की तापून तुटणारा) हवाच, आणि त्याचा काँटॅक्ट कॉन्टॅक्टरच्या (मोटरची लाईट जोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलच्या वायरीत. प्रोग्रॅम अडकला, रेंज गेली, तरी तो कॉइलची लाईट तोडतो आणि मोटर बंद होते. (सारखा ट्रिप होतो म्हणून तोच शॉर्ट करून देणारे वायरमनही आहेत!)

ड्राय रनचं (पाणी संपून मोटर कोरडी चालली तर बंद करायचं) सेटिंग भरल्या पाण्यावर अँपिअर मोजून करा: 8 येत असतील तर कट 6 च्या आसपास. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की पंप कमी पाणी उचलतो, अँपिअरही उतरतात. तेव्हा पुन्हा मोजा, नाहीतर विहिरीत पाणी असून मोटर बंद पडेल.

ऑटोचा डिले (लाईट आल्यावर मोटर किती वेळानं उठवायची ते) शून्यावर ठेवू नका. लाईट आल्या आल्या एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) 10 मोटरी एकदम उठल्या, तर प्रत्येक मोटर क्षणभर सहापट करंट ओढते. व्होल्टेज बसतं, फ्यूज उडतात. कोणी 1 मिनिट, कोणी 2, कोणी 3 असं वाटून घ्या. इथं ॲपपेक्षा शेजारधर्म कामी येतो.

पुढे ओलावा सेन्सरच पाणी देतील, हे तुमचं खरं. पण आपली काळी जमीन भेगाळली की टेन्शिओमीटरची (माती पाणी किती ओढते ते काट्यावर दाखवणाऱ्या, पाणी भरलेल्या नळीची) मातीशी पकड सुटते, आत हवा शिरते आणि काटा शून्याकडे येतो. शून्य म्हणजे ओलं! केळी सुकतेय आणि कंट्रोलर निवांत. जिप्सम ब्लॉकची (विजेच्या रोधावरून ओल मोजणाऱ्या, मातीत पुरलेल्या सेन्सरची) वायर उंदरानं तोडली तर उलटं: कोरडं समजून रात्रभर पाणी. म्हणून रोजचे कमीत कमी आणि जास्तीत जास्त तास कंट्रोलरमध्ये बांधून टाका.

आणि घेताना दुकानदाराला विचारा, सेन्सरची वायर निघाली तर मोटर चालेल की थांबेल? त्याला सांगता आलं नाही, तर तिथंच वायर उपटून बघा.