‘कावेरीकाठ’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘कावेरीकाठ’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकास,

तंजावरवरच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया मी चार वेळा वाचली. इतरांसाठी तिचा गोषवारा देतो. चोळांच्या सव्वाचारशे वर्षांना मी दोन परिच्छेद दिले आणि भोसल्यांना अर्धा लेख. विजयालय चोळाने तंजावर पल्लवांकडून घेतलं असं चुकीचं लिहिलं. कळभ्र आणि पांड्य ही दक्षिणेतली राजघराणी गाळली. शेवट आपल्याच शब्दांत: “आजोळच्या प्रेमापोटी इतिहास लिहू नये. तंजावरचा इतिहास म्हणजे भोसल्यांची वंशावळ नव्हे. आधी जरा वाचा.”

चूक आधी कबूल करतो. इ.स. ८५०च्या सुमारास विजयालयाने तंजावर घेतलं ते मुत्तरैयर सरदारांकडून. ते पल्लवांचे मांडलिक म्हणून नांदत होते, म्हणून लिहिताना माझ्याकडून मधली पायरी गळली. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. पण एवढं सांगायला “आधी जरा वाचा” कशाला हवं होतं? समोरच्याने काही वाचलेलंच नाही असं धरून चालायचं, तेही स्वतःचं नाव न देता, ही पद्धत मला पटत नाही. वीस वर्षं मी हाच इतिहास वाचतोय.

आता ‘वंशावळ’. हा शब्द मला लागला, ते लपवत नाही. तो तुम्ही कुठून आणलात तेही कळतं. चोळ राजा राजराजाने तंजावरला बांधलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात, नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. राजराजाच्या देवळात मराठ्यांनी आपली फुशारकी कोरली, असं म्हणणारे मला याआधीही भेटलेत.

ती भिंत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चौथीत होतो. आईचं माहेर तंजावरचं. आजी घरात मराठी बोलायची, पण तिचं लिहिणं-वाचणं सगळं तमिळ. देवनागरी तिला कुणी शिकवलीच नव्हती. त्या दगडावरून ती बोट फिरवायची आणि पुण्याच्या शाळेत शिकणारा मी अक्षर अक्षर लावून तिला वाचून दाखवायचो. आपल्याच भाषेतला मजकूर तिला नातवाच्या तोंडून ऐकावा लागत होता. मधेच एखादा शब्द ओळखीचा लागला की ती मला तो पुन्हा वाचायला लावायची. आजोळचं प्रेम म्हणता ते हे. ते आहेच, आणि त्याच भिंतीमुळे मी इतिहासाकडे वळलो. तुम्ही तंजावरला किती दिवस राहिलात?

शिवाय त्या शिलालेखाचं साल बघा. १७९९च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने राज्याचा कारभार काढून घेतला आणि सरफोजींकडे उरला तो किल्ला. म्हणजे शिलालेख कोरला गेला तो राज्य गेल्यावर चार वर्षांनी. ज्याच्या हातात महसूल नाही, फौज नाही, तो माणूस आपण कोण होतो हे दगडावर लिहून ठेवतो. याला मी फुशारकी म्हणणार नाही. त्याच माणसाने सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवला. आज तिथल्या तमिळ, तेलुगू, संस्कृत, मराठी पोथ्या शाबूत आहेत, मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत, त्यात त्याचा वाटा फार मोठा.

आणि देवळाच्या दगडावर कोरून ठेवण्याची रीत तिथे मराठ्यांनी आणली का? खुद्द राजराजाची आज्ञा आहे: आम्ही दिलेलं, आमच्या अक्काने दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराच्या, दगडावर कोरा. १०१० साली देऊळ पुरं झालं. त्या भिंतींवर दागिने, दिव्यांच्या तुपासाठी दिलेली गुरं, देवळात नेमलेल्या ४०० नर्तकी, सगळ्याची नोंद सापडते. पुढे, मराठ्यांच्या आधी तंजावरवर राज्य करणाऱ्या नायक राजांनी प्रदक्षिणामार्गातल्या चोळ चित्रांवर आपली चित्रं काढली. ती जुनी चित्रं १९३१ साली उजेडात आली. नायकांबद्दल तुमची तक्रार नाही. मराठ्यांनी तर कशावर गिलावा केला नाही, मोकळ्या भिंतीवर लिहिलं, तरी तेच तुम्हाला खुपतात!

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७६च्या सुमारास गादीवर बसले ते विजापूरचे सरदार म्हणून आलेले, परके. ते मी लेखात लिहिलं आहे. पण नायकांचाच वाडा, नायकांच्याच दरबारातली तेलुगू या घराण्याने पुढे चालवली. राजे मराठी, दरबारात तेलुगू कवी, प्रजा तमिळ, असा हा दरबार. मराठ्यांनी नायकांचं पुसलं नाही, हे मला दाखवायचं होतं, आणि ते दाखवायला मराठ्यांची पावणेदोनशे वर्षं लागतातच. १८५५ साली दुसरे शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनीने उरलंसुरलंही खालसा केलं. ते सगळं दोन परिच्छेदांत बसवा म्हणता?

कळभ्र आणि पांड्य पुढच्या भागात येतील. सुंदर पांड्याने १२१९च्या सुमारास तंजावर जाळलं हे मला ठाऊक आहे. सगळं एकाच लेखात कोंबता येत नाही.

तुमची प्रतिक्रिया एक शब्दही न गाळता तशीच ठेवली आहे. यापुढेही चुका दाखवा, मी दुरुस्त करीन. “आधी जरा वाचा” हे मात्र मागे घ्या.