काकीचा अक्रूर

आज सकाळी आमच्या वाचनालयाच्या बैठकीत एका भल्या गृहस्थांनी विचारलं, "कथा-कादंबऱ्या आता वाचतो कोण? ती कपाटं हलवूया, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना टेबलं टाकूया." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही थोडी डोलली असेल, चहा आला होता ना समोर. घरी पोचेपर्यंत मात्र डोकं तापलं.

गोव्यातल्या डिचोलीचं आमचं जुनं घर. श्रावणात रोज रात्री सोप्यावर हरिविजय. बोलणं कोकणी, पोथी मराठी, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वाचणारा मी, पाचवीतला, सगळं लक्ष प्रसादावर. ऐकायला शेजारची काकी यायची. तिचा मुलगा बोटीवर गेला तो गेलाच. पत्र नाही, पैसा नाही. त्याचं नाव ती कधी काढत नसे. पण अक्रूर कृष्णाला मथुरेला न्यायला आला की म्हणायची, "बाबा, तें परतून वाच." मी परत वाचायचो. दुसऱ्या रात्रीही तेच. कुरकुरलो तर आजी डोळे वटारायची.

उपयोग काय म्हणे वाचनाचा! काकीला कुठली परीक्षा द्यायची होती हो?

आणि हे गोव्यात विचारता? चारशे वर्षांपूर्वी इथे जुन्या पोथ्या बंद झाल्या, तेव्हा नव्याने ख्रिस्ती झालेली माणसं पाद्रीकडे काय मागत होती? आमची पुराणं वाचू देत नाही, तर तसंच दुसरं काही द्या. ख्रिस्तपुराणातच आहे हे. मग इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा सांगणाऱ्या मराठीत जवळजवळ ११,००० ओव्या रचल्या, तेच हे ख्रिस्तपुराण, आणि १६१६ साली गोव्यातल्याच रायतूरला ते छापून निघालं. देव बदलला, आडनावं बदलली, तरी ऐकायला ओवी हवीच होती. टेबलं नव्हती मागितली कुणी.

बरं, मुलांना बसायला जागा हवी, मान्य. माझी मुलगीही अशाच टेबलावर अभ्यास करून नोकरीला लागली. पण म्हणून कपाटंच का उचलायची?

लिहिता लिहिता एक आठवलं, आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. एका रात्री कंटाळून मी चार-पाच पानं एकदम उलटली. गोकुळातून थेट मथुरेत. काकीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिला कळलं. बोलली काही नाही. प्रसाद न घेताच उठली, कंदील घेऊन पायऱ्या उतरली. आजीने मला ओरडायला हवं होतं, तीही गप्प. दुसऱ्या रात्री काकी यायच्या आधीच मी पोथी उघडून बसलो. अक्रूराचा रथ निघतो तो भाग न सांगता दोनदा वाचला. तिने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली, वाच म्हणून.

ताजं : आताच त्या गृहस्थांचा फोन आला, पोस्ट वाचून. कपाटं टाकत नाही म्हणाले, मागच्या पडवीत ठेवूया. त्या पडवीत पावसाची झड येते. तेवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.