आठवे व्हा, सातवे होऊ नका

गोव्यात आमदार व्हायचे मनात असेल तर कुठल्या पक्षातून, या प्रश्नावर डोके शिणवू नका. तिकीट देईल तो आपला पक्ष. त्याचा जाहीरनामा वाचत बसलात तर प्रचाराचे दिवस फुकट जातील, आणि एवीतेवी तो तुम्हाला फार काळ लागणार नाही. खरी विद्या लागते ती निवडून आल्यावर. ती विद्या म्हणजे अपूर्णांक. शाळेत त्यात कच्चे राहिला असाल तर अर्ज भरण्याआधी शिकवणी लावून घ्या.

राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट १९८५ साली आले ते पक्षांतर थांबवायला. एकट्याने पक्ष सोडला की आमदारकी गेली. घाऊक जाणाऱ्यांना मात्र सवलत ठेवली. आधी एक तृतीयांश फुटले तरी चालायचे; २००३ मध्ये ते कलम काढून टाकले, आणि तेव्हापासून दोन तृतीयांशांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीन व्हावे लागते. कायदा कडक झाला असे दिल्लीला वाटते. आमच्याकडे एवढाच फरक पडला, की पूर्वी जीप पुरायची, आता मिनीबस सांगावी लागते. पक्षच तिघांचा असेल तर स्कूटरवरही भागते.

आमच्या लोकांचा हिशेब किती चोख, ते बघा. मार्च २०१९ मध्ये मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) तीन आमदारांपैकी दोन मध्यरात्री भाजपमध्ये विलीन झाले. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये अकरापैकी आठ. तिन्ही वेळा कायद्याला लागतील तेवढेच, एक डोके जास्त नाही. सरकारी खर्चाचा हिशेब असा कधी जुळल्याचे ऐकिवात नाही.

आता अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सात पूर्णांक एक तृतीयांश. एक तृतीयांश आमदार गोव्यात पुष्कळ दिसतात, पण कायदा त्यांना मोजत नाही, म्हणून आठ लागतात. इथेच तुमचे नशीब आहे. सातजण तयार आहेत आणि आठवा सापडत नाही, तोवर ते सातजण पक्षद्रोही, अपात्र, घरी बसण्याच्या लायकीचे. आठवा आला रे आला की तेच सातजण विलीन! तेव्हा पहिले होण्याची घाई करू नका. पहिल्याचा फोटो पेपरात आधी येतो आणि शिव्याही आधी त्यालाच. त्या दिवसांत तुम्ही मतदारसंघात हिंडा, भजनी सप्ताहाला जाऊन टाळ धरा, फोन आलाच तर ‘पळोवया’, म्हणजे बघूया, म्हणून ठेवून द्या. सातांचा जीव टांगणीला लागला की आठव्याची किंमत वाढते. (किंमत म्हणजे मान. आम्ही दुसरे काही म्हटलेले नाही.)

निवडणुकीआधी पक्ष तुम्हाला शपथ घ्यायला लावील. खुशाल घ्या. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन, पक्ष सोडणार नाही असे वदवून घेतले होते. आठ महिन्यांत आठजण गेले. त्यांच्यातल्या एका माजी मुख्यमंत्र्यांनी खुलासाही केला, की आपण देवळात जाऊन देवाला पुन्हा विचारले आणि देवाने तुला योग्य वाटेल ते कर असे सांगितले. आमच्यासारख्यांना कौल लावायचा तर देवाच्या अंगाला पाकळ्या लावतात, भटजी गाऱ्हाणे घालतात, आणि पाकळी उजवी सुटली की डावी हे चार माणसांदेखत दिसते. आमदाराला थेट भेट मिळते, साक्षीदार लागत नाही.

मतदाराचे काय, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुम्ही या धंद्यात नवखे आहात. २०२२ मध्ये भाजपला सुमारे ३३ टक्के मते पडली आणि ४० पैकी २० जागा मिळाल्या. मतदान केलेल्यांतले दोन तृतीयांश लोक दुसरीकडेच होते, पण काँग्रेस, आरजी (रिव्होल्युशनरी गोवन्स), मगो, आप, तृणमूल, अपक्ष अशा वाटांनी पांगले. आपल्याकडे समोरच्यापेक्षा एक मत जास्त मिळाले की झाले, निम्म्याहून अधिक लागत नाहीत. आरजीला नऊ टक्क्यांवर मते मिळून आमदार एकच आला, तृणमूलला पाच टक्के मिळून एकही नाही. तेव्हा दोन तृतीयांशाला जी काही पत आहे ती विधानसभेच्या आत. बाहेरच्या दोन तृतीयांशाने पूल ओलांडून पर्वरीच्या विधानसभेपर्यंत जावे आणि परत यावे.

मात्र मतदाराला अगदीच बिचारा समजू नका. सकाळी सातला कुठल्याही आमदाराच्या घरी जाऊन पाहा. पायरीवर चपलांचा ढीग. एकजण मुलाची एलडीसीची, म्हणजे सरकारी कारकुनीची, फाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बसलेला. एका बाईचे गृहआधार या सरकारी योजनेचे पैसे अडलेले. शिक्षिकेची काणकोणहून फोंड्याला बदली हवी. क्लबाच्या पोरांना जर्सी हव्यात. आणि कुणाच्या तरी दारापर्यंतचा, फक्त त्याच्याच दारापर्यंतचा, रस्ता हॉटमिक्स व्हायचा आहे. मतदारसंघ तीस हजारांच्या आतबाहेर, त्यामुळे प्रत्येकाला आमदार नावाने ओळखतो आणि प्रत्येक जण आमदाराच्या सासुरवाडीपर्यंत ओळख काढतो. विरोधी आमदाराकडेही हीच माणसे येतात. फरक एवढाच, की त्याचा फोन खात्यातला कारकूनसुद्धा उचलत नाही. मग महिन्या-दोन महिन्यांनी त्या पायरीवरूनच हळूच आवाज येतो, ‘पात्रांव, तुमी सरकारांत कित्याक वचनात?’ (मालक, तुम्ही सरकारात का जात नाही?) हाच माणूस तुम्ही गेल्यावर तिठ्यावर उभा राहून लोकशाहीचा खून झाला म्हणून सांगेल, आणि दुसऱ्या दिवशी फाईल घेऊन येईल. त्याला चहा द्या. ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ हे वाक्य तुम्हाला त्यानेच पुरवलेले आहे.

मंत्रिपदाची आशाही इथे अवाजवी नाही. आमदारांच्या १५ टक्क्यांहून जास्त मंत्री नकोत असा नियम आहे, पण लहान राज्यांना निदान बाराची मुभा आहे. उत्तर प्रदेशात ४०३ आमदारांमागे साठ मंत्री, आमच्याकडे ४० मागे बारा. बारांत नाही बसलात तर महामंडळे आहेतच.

सभापतींकडे तुमच्याविरुद्ध अर्ज जाईल. जाऊ द्या, तिथे घाई नसते. जुलै २०१९ च्या दहाजणांवरचा अर्ज सभापतींनी एप्रिल २०२१ मध्ये फेटाळला. हायकोर्टाने तो निर्णय उचलून धरला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे नव्या विधानसभेचे मतदान होऊन दहा दिवस झाल्यावर. विलीनीकरणाला लोकांना विचारण्याचा खुळा प्रकार गोव्याने एकदाच केला, १९६७ च्या जनमत कौलात. तेव्हा महाराष्ट्रात जायचे की नाही हे विचारले, आणि कौल निःपक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांनी आधी सरकारचा राजीनामा दिला. लोकांनी नको म्हटले, आणि विषय संपला. असल्या वाटेला कुणी जाऊ नये.

एक धोका मात्र लपवत नाही. २०१९ च्या त्या दहाजणांतले बहुतेक २०२२ मध्ये घरी बसले. त्यांच्यातला एक सांत आंद्रेत ७६ मतांनी पडला, आणि त्याला पाडणाऱ्या आरजीच्या पोराला साडेपाच हजार मतेही लागली नाहीत. म्हणजे लोक विसरतात यावर पूर्ण विसंबू नका. शेवटच्या वर्षी दोन-तीन वाड्यांवर पाण्याची टाकी, एखादे नाटक, चतुर्थीला माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांचे) सामान एवढे तरी करा.

आणि समजा, टाळ वाजवता वाजवता फोन घ्यायचा राहिला, आठवा दुसराच कुणी झाला आणि तुम्ही मागे उरलेल्या तिघांत सापडलात, तर खचू नका. तिघांचे दोन तृतीयांश म्हणजे दोन. उरलेल्या दोघांपैकी एकाला चहाला बोलवा. तोही नाही म्हणाला आणि ते दोघेच निघून गेले, तर सगळा पक्ष तुम्ही एकटे, शंभर टक्के; मग कुणाची वाट बघायची गरज नाही.