निकालही भारी आणि पोरगंही कच्चं, कसं जमवायचं?

गावच्या हायस्कूलचं वाटोळं करायचं तर निकाल पाडावा लागतो असं वाटत असेल तर तुम्ही अजून जुन्या जमान्यात आहात राव. २०२५ ला राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागलाय. निकाल पाडणंच आता अवघड झालंय, पण त्याला धक्का न लावता पोरं मस्त कच्ची ठेवता येतात.

सुरुवात गणितापासून करा. सर रिटायर झाले की जागा भरायची नाही, शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल उघडेल तेव्हा उघडेल, तोवर तास पीटीच्या सरांना द्या. भरलाच कुणी तर शिक्षणसेवक, महिना १८ हजारात तीन वर्षं. तुकडी विनाअनुदानित असेल तर तेवढेही द्यायला नकोत, सर सकाळी रानात जाऊन मग शाळेत येतात, आपलं काय जातंय. आणि त्यातूनही एखादा मन लावून शिकवायला लागला तर त्याला लगेच बीएलओ करा, म्हणजे मतदार यादीच्या कामाला जुंपा, वर 'आज संध्याकाळी ५ पर्यंत माहिती भरा' असे मेसेज टाकत रहा. आता शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, निवडणूक, आपत्ती एवढीच बाहेरची कामं लिहिलीत म्हणे, पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आदेशाला कसलं आलंय कलम.

शाळा बीडकडची असेल तर तुमचं निम्मं काम झालंच. दिवाळी झाली की आईबाप ऊस तोडायला, पोरगं त्यांच्यामागं, थेट मार्च-एप्रिलला दर्शन. हजेरीपटावर मात्र पोरगं रोज हजर पाहिजे हां, पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षक मंजूर करताना, एक शिक्षक जातो. आणि नववीतली पोरगी एकदम दिसेनाशी झाली तर चौकशी करू नका, लग्न लावलं की नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर देतो, एवढा हिशोब गावात सगळ्यांना येतो. (गणित कच्चं म्हणतात!)

मग दहावी. मराठीत तोंडीचे २० पैकी २० देऊन टाका, ३५ ला उरले १५, तेवढे ८० च्या पेपरात कसेही निघतात. वर्गाबाहेर कॉपीमुक्त अभियानाचा फलक टांगा, खिडक्या तेवढ्या उघड्या ठेवा, उन्हाळा असतो.

निकाल लागला की चौकात फ्लेक्स लावा, पहिल्या आलेल्या पोरीपेक्षा अध्यक्षांचा फोटो मोठा. पुढं अकरावी सायन्सला तिला अपूर्णांकाची बेरीज नाही आली तर ते तालुक्याच्या कॉलेजचं बघतील. आणि कुणी विचारलंच तर ठरलेलं उत्तर आहे, आजकालच्या पोरांना मोबाईल सुटत नाही हो.