कार्ड आधी भरा, मग खेळा!

पुरे झालं आता! पुतण्याला घेऊन मॉलच्या गेम झोनमध्ये गेलं की दर वेळी तेच. आधी कार्ड भरा, उरलेले पैसे परत नाहीत. मशीन सुरू झालं की पोरगं खेळतंय कसं, याच्याशी मशीनला देणंघेणंच नाही. वेळ संपला, बंद! आणि हातात काय? तिकिटांची माळ, तिच्या बदल्यात प्लॅस्टिकची कीचेन. याला खेळ म्हणायचं?

म्हापशाच्या जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एक नाणं किती वेळ पुरवायचं, ते आपल्या हातात होतं. हातात म्हणजे खरंच हातात! जॉयस्टिकचा गोळा घासून गुळगुळीत झालेला, फायरचं बटण आत रुतून बसणारं, आणि पुढचा नंबर लावायला काचेच्या कडेला ठेवलेलं कुणाचं तरी नाणं. पॅक-मॅन, चक्रव्यूहात भुतांना चुकवत ठिपके खायचा खेळ, १९८० चा. चार भुतं, चौघांची चाल वेगळी: लाल थेट मागे लागतं, गुलाबी पुढे जाऊन वाट अडवतं. हे बघून, हरून, पुन्हा बघून शिकायचं. १९७८ च्या स्पेस इनव्हेडर्समध्ये शत्रू कमी होतील तसा त्यांचा वेग वाढायचा, छातीत धडधड व्हायची. ती धडधड तिकिटं ओकणाऱ्या डब्यात कुठून येणार?

असा नशिबाचा खेळ खेळायला मांडवी नदीत कॅसिनोंची जहाजं उभी आहेतच ना? मग आठ वर्षांच्या पोराला आत्तापासून तीच सवय कशाला? कोपऱ्यात पॅक-मॅनचं एक मशीन लावायला काय जातं यांचं?