दोन भोकांचा दवला

डाव्या पायावरचा फोड सुकायच्या आत हे लिहून टाकतो, नाहीतर राग ओसरेल.

मालवण तालुक्यातली तोंडवळी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी, मधल्या चिंचोळ्या पट्टीत सुरूचं बन आणि त्यात आमचे तंबू. माणशी 1,800 रुपये, त्यात 'स्वतः रांधा' हा अनुभव. अनुभव म्हणजे तीन चिरे, एक टोप आणि काडेपेटी. बाकीचं आम्ही न्यायचं होतं. स्पीकर कोणी आणायचा यावर ग्रुपवर 38 मेसेज झाले. स्पीकर दोन आले. डाव, सांडशी, झाकण यातलं एकही आलं नाही.

सांडशीचं काम गाडीतल्या पक्कडीवर भागलं. बांगडे तंबूच्या जादा खुंट्यांना टोचून निखाऱ्यावर धरले. पण कुळथाच्या पिठीचं काय? फोडणीत पीठ-पाणी ओतलं की उकळी येईस्तोवर हात थांबवायचा नाही, थांबला की गुठळ्या. मला करवंटी सुचली. स्क्रूड्रायव्हरने तिच्या कडेला भोक पाडलं, रस्त्यापलीकडच्या झाडाची काठी त्यात खुपसली. झाला डाव! फोटो काढून मित्रांना पाठवलासुद्धा.

भरून उचलला की करवंटी गर्रकन उलटी व्हायची. त्यात मी घेतली होती डोळ्यांकडची अर्धी. नारळाला तीन डोळे, दोन टणक, एक मऊ. कोंब त्या मऊ डोळ्यातून येतो, आणि सकाळी पाणी आम्ही तिथूनच काढलं होतं. त्या भोकातून पिठीची धार सरळ माझ्या पायावर.

मी एका पायावर नाचत असताना चुडतांचा भारा घेऊन एक आजी येऊन उभी राहिली. भारा खाली ठेवला नाही. डोक्यावर तेवढं ओझं घेऊन माणूस इतका निवांत कसा उभा राहू शकतो?

"खयसून इलास?"

"पुण्याहून, आजी."

"ह्या काय?"

"करवंटीचा डाव. मी बनवला."

"ह्येका दवलो म्हणतत. माझ्या सासयेचो होतो." मग जवळ येऊन वाकून बघितलं. "एकच भोक?"

"एकच."

"दोन होयी. समोरासमोर. एक वर, एक जरा खाली. काठी तिरकी जाता, मगे दवलो फिरणा नाय. आणि डोळ्यांची करवंटी कोण घेता?"

डोळ्यांची करवंटी मी घेतो. सुरूच्या बनात दोन डिग्र्यांचा माणूस मान खाली घालून ऐकत होता. माझा शोध तिच्या सासूच्या आधीपासून चुलीशी टांगलेला होता, आणि तोही न गळणारा.

एवढ्यात तिचं लक्ष काठीच्या टोकाला राहिलेल्या पानाकडे गेलं. गुळगुळीत पान, देठापासून निघालेल्या ठसठशीत शिरा. भारा धाडकन खाली.

"मेल्या, ह्यो काजरो! ह्येच्या बियेन कुत्रो मरता!"

काजरा म्हणजे कुचला. विष बीमध्ये असतंच, सालीतही असतं. आणि मी त्याच्या ओल्या काठीने पाच जणांची पिठी दहा मिनिटं घोटली होती. मी टोप उचलून समुद्राकडे निघालो.

"समुद्रात नको हां! मासे मरतले."

शेवटी खड्डा खणून पिठी पुरली. नेमका तेव्हाच दुसऱ्या स्पीकरवर ढोल-ताशा सुरू झाला.

"पैशे किती घेतल्यानी?" आजीने विचारलं. मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. "नि डाव पण नाय दिल्यानी?"

तेच तर म्हणतोय मी! अठराशेच्या जागी अठराशे वीस घ्या, पण एक डाव द्या. अनुभव कसला विकता? आमच्या आजोळी चुलीपुढे धुराने डोळे चोळणाऱ्या मामीला कोणी छदाम दिला नाही, आणि मी तेच करायला पैसे मोजून आलो होतो. असो.

आजीने बांबूची कामटी आणून तिथेच नवा दवला करून दिला. दोन भोकं, तिरकी काठी, थेंब गळेना. ढवळायला मात्र काही उरलं नव्हतं. रात्री तिच्याकडे पेज जेवलो.

निघताना कॅम्पवाल्याने अनामतीतून 200 रुपये कापले. खुंट्या काळ्या केल्याबद्दल. वर म्हणाला, "तो दवला इथेच राहू दे ना सर, पुढच्या गेस्टना मजा येईल."

दिला नाही. सध्या तो आमच्या ओट्यावर आहे. बायको त्याला हात लावत नाही. आधी ती काठी कसली आहे ते लिहून आण म्हणते.